दारावरचा काका

समोरच्या इमारतीत परवा दोन मुली राहायला आल्या. सामान म्हणावं असं काही नव्हतंच. दोन गाद्या, एक कूलर, पुस्तकांनी फुगलेली पोती आणि एक आरसा, जो टेम्पोवाल्यानं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जपून उतरवला. टेम्पो वळला न वळला तोच त्यांतली एक गॅलरीत आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, तुमच्याकडं नेट कुणाचं आहे हो?" नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तिनं विचारलं नाही. आमच्या शहरात नव्या माणसानं खरं तर आधी तेच विचारायला हवं, पण त्या वयाची तहान वेगळी असते.

मी तिला चांगलं सविस्तर उत्तर दिलं. म्हटलं, दुकानात जाऊन विचारू नकोस, दुकानात सगळ्यांचंच नेट पळतं. खाली-वर ज्यांच्याकडं आहे त्यांना विचार, आणि संध्याकाळी विचार, सगळे घरी आल्यावर. लाईट गेल्यावर चालतं का बघ. बिघडलं तर फोन कोण उचलतं ते बघ. अनलिमिटेड म्हणत असतील तर किती वापरल्यावर त्याची बैलगाडी होते तेही विचारून घे. स्वस्त आहे म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरून मोकळी होऊ नकोस. ती मान डोलावत होती. शेवटी मी म्हणाले, "आणि कनेक्शन स्वतःच्या नावावर घे. वडिलांच्या नको."

"का हो?" ती हसली.

"घे, म्हणते म्हणून," असं म्हणून मी आत आले आणि ओट्याशी उगाच उभी राहिले. एवढी वर्षं झाली तरी या गोष्टीशी आलं की मी अशीच आत पळून येते, आणि त्याचा मला स्वतःचाच राग येतो.

परीक्षेचा उन्हाळा परत आलाय. कडुलिंबाला मोहोर आला की गारखेड्याच्या गल्ल्यांना दुपारी एक कडसर गोड वास सुटतो. झेरॉक्सच्या दुकानापुढं मुलं उन्हातच उभी असतात आणि हातात पडलेल्या नोट्स भाकरीसारख्या कोमट असतात. खानावळीत कुणी कुणाशी बोलत नाही, ताटाशेजारी उघडलेलं पुस्तक आणि त्यावर वरणाचा एक ठिपका. कूलरच्या टाकीत पाणी ओतलं की वाळ्याचा ओला वास घरभर पसरतो. लोकांना त्या वासानं सुट्टी आठवते, आजोळ आठवतं. मला एक दार आठवतं, तिसऱ्या मजल्यावरचं, निळ्या रंगाचं, आणि त्याच्या वर भिंतीत ठोकलेला एक गोल पांढरा डबा.

त्या दारामागं आम्ही दोघी राहायचो. मी फर्दापूरची, नाझनीन सिल्लोडची. पदवीचं शेवटचं वर्ष होतं, पुढच्या प्रवेश परीक्षेचे वर्ग मोबाईलवर बघायचो, आणि मोबाईलचं नेट दुपारच्या जेवणाआधीच गळपटायचं. सर फळ्यावर एक रेघ ओढायचे आणि मुंजीला बसवलेल्या बटूसारखे हात वर धरून थिजायचे. मग नाझनीन म्हणायची, "बैठे सर फिर मुंजवर." अशी मुंज दिवसातून चार-पाचदा लागायला लागली तेव्हा घरात वायरचं नेट घ्यायचं ठरलं. स्वस्त हवं आणि पक्कं हवं, या दोनच अटी होत्या. त्या दोन अटी एका ठिकाणी मिळवायला आम्ही जेवढा अभ्यास केला, तेवढा पुस्तकांचा केला असता तर पेपरात फोटो आला असता.

औरंगपुऱ्यात एका थंडगार दुकानात टाय लावलेल्या माणसानं आम्हाला एक रंगीत कागद दिला होता. त्यावर एक कुटुंब सोफ्यावर बसून एकाच मोबाईलकडं बघून हसत होतं. नाझनीननं त्याला गंभीरपणे विचारलं, "हमारे पास सोफा नहीं है, चलेगा ना?" तो माणूस हसला नाही. आम्ही रिक्षात बसेपर्यंत हसत होतो.

खरी युक्ती नाझनीनचीच. क्रिकेटची मॅच सगळे नेटवर बघत होते त्या संध्याकाळी तिनं मला हाताला धरून इमारतीतल्या एकेका दाराशी नेलं. दार वाजवायचं आणि विचारायचं, "काकू, स्कोर काय झालाय?" एका दारात चार विकेट पडल्या होत्या, दुसऱ्या दारात त्याच क्षणाला तीनच, आणि खालच्या मजल्यावर तर फलंदाज अजून हेल्मेट घालत होता. जिथं चार पडल्या होत्या, तिथलं नेट चांगलं. हे शास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. चार विकेटवालं नेट आमच्या खिशाला परवडणारं निघालं आणि आम्ही दोघींनी जिन्यातच टाळी दिली.

फक्त आबांना विचारायचं राहिलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. फर्दापूरच्या फाट्यावर त्यांचं चहा-नाष्ट्याचं हॉटेल आहे आणि मागं आमचं वावर. लेणी बघायला आलेली माणसं तिथं उतरतात, भजी खातात, आणि आबा गल्ल्यावर बसून सगळ्या जगाशी बोलतात. त्या जगाला ते एक गोष्ट हमखास सांगायचे. "माझी पोरगी संभाजीनगरला एकटी राहती. मी कधी इचारत नाय, कुठं गेलतीस म्हणून." आणि ते खरं होतं. वर्गातल्या इतर मुलींचे वडील तासातासाला फोन करायचे, पोहोचलीस का, निघालीस का, शेजारी कुणाचा आवाज येतोय. माझे आबा संध्याकाळी एकदा फोन करायचे आणि जेवलीस का एवढंच विचारायचे. मी हे नाझनीनला मिरवून सांगायचे. मला वाटायचं, असा बाप मिळायला नशीब लागतं.

नेटचं ऐकून आबा म्हणाले, "आनोळखी मानूस पोरींच्या घरात वायरी वढत फिरनार? नाय. आपला दत्ता हाय की तिथं."

दत्ताच्या वडिलांची मेंढरं दर हिवाळ्यात आमच्या वावरात बसायची. मेंढरांचं खत वावराला, आमच्या कणगीतलं धान्य त्यांच्या पालाला. सगळा व्यवहार शब्दावर, आणि तो शब्द दोन पिढ्या कुणी मोडला नव्हता. दत्तानं मेंढरं सोडली आणि शहरात येऊन नेटच्या वायरी ओढायला लागला. आमच्या भागात एक रीत आहे. भेंडी मोडून बघू, मडकं टिचकी मारून बघू, पण गावाकडचा माणूस वाजवून बघायचा नाही. तो आपलाच असतो. चार विकेटवालं नेट बाजूला राहिलं आणि दत्ताचं आलं. "इद्यार्थ्यांच्या नावावर देत नायती ताई, आबांच्या नावावर करू," तो म्हणाला. आम्ही मान हलवली.

त्या दिवशी दत्तानं घरभर वायरी नेल्या, दोन कप चहा घेतला, नाझनीनच्या हातचा शिरा खाऊन "लई भारी" म्हणाला. जाताना बाहेर जिन्याच्या बाजूला, आमच्या दाराच्या वर, तो गोल पांढरा डबा ठोकला.

"हे काय, दत्ताभाऊ?"

"कॅमेरा हाय ताई. पन रिकामा. आत काय बी नाय. नुसता दाखवायचा, चोरं भितेत."

"खाली डब्बा?" नाझनीननं विचारलं.

"व्हय, डबाच. तुम्हाला फुकट."

डब्यातून एक वायर आत गेली होती, पण त्या दिवशी घरात इतक्या वायरी आल्या होत्या की एकेकीची चौकशी कोण करणार.

आम्ही त्या डब्याचं नाव काका ठेवलं. येता-जाता त्याच्याशी बोलायचो. कॉलेजला निघताना मी म्हणायचे, "काका, लक्ष असू द्या," आणि नाझनीन सलाम ठोकायची. पेपरच्या दिवशी मी त्याला हात जोडायचे, खोटे खोटे, पण मनातून थोडे खरेही. पेपर अवघड गेला की त्याला जीभ दाखवायची. दुपारी घर भट्टीसारखं तापायचं, आणि जिना तेवढा गार असायचा. नाझनीन तिथं पायरीवर बसून घरी फोन लावायची. तिच्या अम्मीची तब्येत त्या वर्षी बरी नव्हती. फोन ठेवला की ती ओढणी तोंडावर धरून तिथंच रडायची, कारण आत मी असायचे आणि माझ्यासमोर रडायला तिला आवडायचं नाही. मला ते माहीत होतं, म्हणून ती बाहेर असेपर्यंत मी दार उघडायचे नाही. एवढी एक जागा तिची होती.

दत्ताचं नेट बरं चालायचं, मधूनच मात्र पाय ओढायचं. आम्ही सोसत होतो. एकदा खालच्या मजल्यावरच्या मुलांना आमचा पासवर्ड सापडल्याचा संशय आला, म्हणून नाझनीननं तो बदलून टाकला. त्याच संध्याकाळी दत्ता दारात हजर. आम्ही बोलावलं नव्हतं, तक्रार केली नव्हती. घामाघूम होऊन म्हणाला, "ताई, पासवर्ड बदलत नका जाऊ, लाईन बिघडती." बाहेरच्या जिन्यात शिडी लावून त्यानं काहीतरी केलं आणि गेला. आम्ही कौतुकानं बघत राहिलो. न सांगता माणूस येतो, याला म्हणतात सर्व्हिस! वर्गात आम्ही चार जणींना सांगितलं, नेट घ्यायचं तर दत्ताचं घ्या. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

शेवटच्या दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत भर दुपारी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराचं दुकान बंद होतं. तुटकी चप्पल हातात घेऊन, सावली शोधत, उड्या मारत मी घर गाठलं. जिन्याच्या पायऱ्याही पोळत होत्या. दाराशी एका पायावर उभी राहून कुलूप उघडलं, काकाला म्हणाले, "हसू नका," आणि आत शिरले.

संध्याकाळी आबांचा फोन आला. जेवलीस का, पेपर कधी, सगळं नेहमीचं. आणि ठेवता ठेवता अगदी मायेनं म्हणाले, "नवी चप्पल घे पोरी. पाय भाजतेत असं."

मी म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं, आबा?"

पलीकडं हॉटेलातल्या कपबश्यांचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "आगं, उन्हाळा हाय म्हनून म्हनलं."

मी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या नेटच्या डबीकडं बघत बसले. हिरवा दिवा उघडझाप करत होता. डोकं सांगत होतं की बाप आहे, सहज बोलून गेला असेल. पण चपलेचं सहज कोण बोलतं? मी उठले आणि त्या डबीचं बटण बंद केलं. कूलर चालू होता, पंखा फिरत होता, चहाचं आधण उकळायला लागलं होतं. ते उतू जायच्या आत फोन वाजला.

"लाईट गेली का गं तिकडं?" आबा विचारत होते.

मी डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडं बघितलं. "व्हय आबा, गेली."

मला फसवलं याचं दुःख होतंच. पण त्या क्षणी जास्त लागलं ते दुसरंच. माझे आबा मला कधी विचारत नव्हते, कारण त्यांना विचारायची गरजच नव्हती. ज्या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त अभिमान होता, ती नव्हतीच. तिच्या जागी एक डबा होता, नेटवरून आबांच्या मोबाईलवर आमचं दार दाखवणारा. आणि त्या डब्याला लागणारं नेट, दोन अटी घालून, दारोदार विकेटी मोजून, मीच घरात आणलं होतं.

नाझनीनला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती जागची उठली, दार उघडून बाहेर गेली, वर बघितलं, आणि परत आत आली.

"मैं उधर बैठ के रोती थी गे," ती म्हणाली. मग विचारलं, "और कौन देखा?"

"कुणी नाही. फक्त आबा. आबा तसे नाहीत, नाझ."

हे मी शपथेवर सांगितलं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्टुलावर चढून तिनं त्या डब्यावर तिची जुनी उशीची खोळ घातली आणि उरलेले दिवस आम्ही माणूस गेलेल्या घरात राहावं तशा राहिलो. पेपर दिले. काकाला कुणी हात जोडले नाहीत.

परीक्षा संपली आणि मी फर्दापूरला गेले. बसमधून उतरले तर हॉटेलच्या बाकावर नेहमीची चार-पाच माणसं चहा पीत बसलेली. आबा साखरेचा डबा भरत होते. गल्ल्यावर बिस्किटांच्या बरणीला टेकवून त्यांचा मोबाईल उभा होता, पडदा सगळ्या बाकाकडं केलेला. बाकावरचे भागवतकाका मला लहानपणापासून ओळखतात, भला माणूस आहे. अगदी काळजीनं म्हणाले, "आली का ज्योती? ती तुझी मैत्रीन आता बरी हाय ना? पायऱ्यावर बसून लई रडायची बापडी."

आबांनी साखरेतून मान वर केली नाही.

संध्याकाळी वावरात मी त्यांना गाठलं. मक्याच्या दिवसांत रानडुकरांसाठी राखणीला बसायचा माळा तिथं रिकामाच उभा होता. मी म्हणाले, "तुम्ही माझ्यावर पाळत ठेवली."

"पाळत कसली? राखन म्हन. मक्याच्या दिवसांत मी या माळ्यावर बसतो, ते काय मक्यावर संशय हाय म्हनून का? डुकरं येतेत म्हनून."

"मक्याला माळा दिसतो तरी, आबा. मला तुम्ही रिकामा डबा सांगितला."

"सांगितलं असतं तर लावू दिला असतास का?"

"नाही."

"मग?" आबा म्हणाले.

त्या 'मग'मध्ये त्यांचं सगळं उत्तर आलं होतं. त्यांना खरंच कळत नव्हतं की यात काय चुकलं. ते शिव्या देते, हात उगारते, तर मला भांडता आलं असतं. पण त्यांनी काळजी केली होती, आणि काळजीच्या नावाखाली एका परक्या पोरीचं रडणं चहाबरोबर बाकावर मांडलं होतं. मी म्हणाले, "ती माझ्या घरातली नव्हती, आबा. तिची राखण तुम्हाला कुणी सांगितली होती?" ते पायानं ढेकूळ फोडत राहिले.

नाझनीनला मी फोनवर सगळं खरं सांगितलं. बाकासकट. ती नुसतं "ठीक है, रखती हूँ" म्हणाली. पुढं मी केलेले फोन वाजत राहिले. निकालानंतर खोलीवर गेले तेव्हा तिचं सामान गेलेलं होतं आणि उशीची ती खोळ डब्यावर तशीच होती.

दत्ता नंतर एकदा रस्त्यात भेटला. मान खाली घालून म्हणाला, "ताई, आबांनी सांगितलं, मी नाय कसा म्हननार?" त्याच्या जागी मीही नाही म्हणाले नसते कदाचित. पण त्याला चहा विचारावासा वाटला नाही.

मी याच शहरात राहिले, नोकरीला लागले, आबांशी बोलणंही थांबलं नाही. बापाशी बोलणं असं थांबतं का कधी. फक्त तेव्हापासून मी त्यांना फोनवर तेवढंच सांगते, जेवढं त्या दारावरून दिसलं असतं. गेले, आले, हातात पिशवी होती. आत काय चाललंय ते सांगत नाही. आबांना ते जाणवतं का, मला माहीत नाही.

या महिन्यात आबा माझ्याकडं आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, त्यावर हिरवी पट्टी आहे. दिवसभर कूलरसमोर खाटेवर बसून असतात आणि मी कामावर असते. काल सुट्टी होती म्हणून नेट बदलून घ्यायला माणूस बोलावला होता. वायर ओढून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, या प्लॅनवर एक कॅमेरा फ्री आहे. कुठं लावू?"

मी आबांना विचारलं. खोचून विचारलं नाही, निदान मला तसं वाटत होतं. "लावायचा का, आबा? तुम्ही दिवसभर एकटे असता. कुठं पडलात-बिडलात तर मला दिसेल."

"नको," आबा म्हणाले. मग आवाज चढला. "उठलो, बसलो, धोतर सोडलं, सगळं तू हापिसात बसून बघनार व्हय? मी काय चोर हाय का?"

ड्रिल मशीन हातात घेऊन तो माणूस आम्हा दोघांकडं बघत राहिला. मी आबांकडं बघत होते. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा त्यांनी खाली वळवला.

"नुसतं नेट जोडा," मी त्या माणसाला सांगितलं.

तो गेला. मी कूलरमध्ये पाणी ओतलं, वाळ्याचा वास सुटला. खालच्या गल्लीत कुणीतरी मोठ्यानं पाठांतर करत चाललं होतं. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "ज्योते, ती तुझी मैत्रीन, सिल्लोडची. कुठं असती गं आता?"

आयुष्यात पहिल्यांदा आबांनी मला 'कुठं' म्हणून विचारलं होतं, आणि मला उत्तर माहीत नव्हतं.